अनुभव धागा : गठ्ठ्यानं पैसा आला तर काम सोडाल का? (आणि ज्यांच्याकडं आला त्यांनी सोडलं का?)

परभणीकर (धागाकर्ता)

सध्या आमच्याकडं पारावर, हॉटेलात, कटिंगच्या दुकानात एकच विषय, शक्तीपीठ महामार्ग. नागपूर-गोवा, मूळ आराखडा 802 किलोमीटरचा अन 12 जिल्ह्यांचा, त्यात आपले परभणी हिंगोली नांदेड बीड लातूर धाराशिव सगळे आले. निम्मं गाव जमीन देणार नाही म्हणून बसलंय अन उरलेल्या निम्म्यानं न आलेल्या मावेज्यात (जमिनीच्या मोबदल्यात) बंगला बांधून गाडी घेऊन वर नौकरीचा राजीनामा पण देऊन टाकलाय. माझा चुलतभाऊ तर परवा म्हणला, एक कोटी आले की दुसऱ्या दिवसापासून हातात खुरपं धरणार नाही. त्यावर आमच्या हॉटेलवाल्यानं अमरावतीच्या बबिता ताडेंचं उदाहरण काढलं. 2019 ला केबीसीत एक कोटी जिंकल्या, शाळेत खिचडी शिजवायच्या महिना 1500 रुपयांवर, अन जिंकल्यावर पण खिचडी सोडणार नाही म्हणल्या. भाऊ म्हणतो टीव्हीवर सगळे तसंच म्हणतेत. लगेच दुसऱ्यानं बिहारच्या सुशील कुमारांना आणलं, 2011 ला पाच कोटी अन नंतर त्यांनीच लिहिलं की तो काळ लई वाईट गेला, आता मास्तर झालेत.

तर टीव्हीवाले राहू द्या. आपल्या भागात ज्यांच्या हातात खरंच एकदम पैसा आला, मावेजा, प्लॉट, लॉटरी, शेअर, वाटणी काहीबी, त्यांनी लिहा. काम सोडलं का नाही, अन कामून. "आला असता तर"वाले पण चालतील पण त्यांनी आधीच तसं सांगा.

बदनापूरवाला

मी नौकरी सोडली. आनंदानं सोडली अन आजपर्यंत एक दिवस वाईट वाटलं नाही. मुद्दाम आधी लिहितो कारण अशा ठिकाणी सगळे कामाची महती सांगायला लागतेत.

आमची जमीन समृद्धी महामार्गात गेली. थेट खरेदीनं, रेडीरेकनरच्या (सरकारी दराच्या) पाचपटीपर्यंत भाव होता तेव्हाचा. मी जालन्याला स्टील कंपनीत होतो, भट्टीवर. ज्यानं भट्टीवर शिफ्ट काढली नाही त्यानं कामात मन रमतं वगैरे मला सांगू नये. मे महिन्यात बाहेर 43 डिग्री अन आत त्याच्यापेक्षा जास्त, ठेकेदाराचा माणूस मागं उभा, पाणी प्यायला गेलं तरी घड्याळ बघणार. पैसे खात्यावर आले त्या महिन्याचा पगार सुद्धा घ्यायला गेलो नाही मी, नंतर भावानं जाऊन आणला.

मग काय करतो म्हणाल तर रस्त्यापासून लांब, आत, अंबडकडं जमीन घेतली अन मोसंबी लावली. आता हे काम नाही का, हाये की. आंबे बहाराला (जानेवारी-फेब्रुवारीच्या फुलोऱ्याला) पाणी तोडून ताण द्यायचा, पान किती गळालं ते रोज बघायचं, जास्त ताण बसला तर झाड जातं, कमी बसला तर फूल निघत नाही, डोक्याला ताप आहेच. पण भोंगा नाही. कुणी विचारत नाही कुठं गेल्ता म्हणून. थोरला भाऊ मात्र खरंच काही करत नाही. सकाळी इस्त्रीचे कपडे घालून बदनापूरला चौकात येऊन बसतो, संध्याकाळी घरी. डिसेंबर 2022 ला रस्ता सुरू झाला तेव्हा आपल्याच शेतातून गाड्या पळताना बघायला रोज पुलावर जायचा. त्याला तेच बरं वाटतं तर माझं काय जातं.

कॉलनीतली सून (शेंद्रा भाग)

सगळे पुरुष लिहिणार हे माहीत होतं म्हणून लिहितेय.

आमची जमीन डीएमआयसीत (दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्यात) गेली, मी लग्न होऊन आले तोपर्यंत पैसे येऊन बंगला पण झाला होता. पैसा आला तं पुरुषांनी काम सोडलं की नाही यावर चर्चा होते पण बायांचं काम कुणी सोडलं नाही, ते जमिनीबरोबर गेलं. सासूबाई जन्मभर पहाटे चारला उठलेल्या, शेत गेलं तरी उठायच्या चारलाच. उठून करायचं काय? म्हैस विकली, घरात फरशी, सारवायला काही नाही, किचनमध्ये बटण दाबलं की गॅस. अंधारात गेटपर्यंत जायच्या, रस्त्याकडं बघायच्या अन परत येऊन बसायच्या. सगळे म्हणायचे आता आराम करा. शेवटी एका पावसाळ्यात त्यांनी मागच्या पार्किंगचे पेव्हर ब्लॉक सब्बलीनं उचकटले अन तिथं मेथी टाकली. सासरे एवढे ओरडले की शेजारी बाहेर आले, ब्लॉक कितीचा आहे माहीत आहे का वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं अन दुसऱ्या दिवशी अजून दोन ओळी उचकटल्या. आता मेथी, पालक, कोथिंबीर कॉलनीतच विकतात, जुडी दहा रुपये, पैसे पदराला बांधतात अन त्याचा हिशोब कुणालाच देत नाहीत. सासऱ्यांना सुद्धा नाही. विशेषतः सासऱ्यांना नाही.

मी अंगणवाडी सेविका आहे. दारात दोन चारचाक्या असताना ही पोरांची वजनं करत बसते, घरोघर आहाराची पाकिटं वाटते, मोबाईलवर माहिती भरत बसते, याची घरात लाज वाटायची. सोड म्हणून रोजचं सुरू होतं. नाही सोडलं. कारण साधं आहे, तो सगळा पैसा सासरे, दीर अन नवरा यांच्या नावावर आहे, माझ्या खात्यावर फक्त मानधन येतं. माहेरी जाताना मला कुणाकडं पाचशे मागावे लागत नाहीत. बाकी कामात समाधान मिळतं का तर काही दिवशी मिळतं, मीटिंगच्या दिवशी अजिबात मिळत नाही.

आणि बदनापूरवाले, राग मानू नका, एक विचारते. बहिणींना वाटा दिला का सह्या घेतल्या? आमच्याकडं नणंदांना साडीचोळी करून हक्कसोडवर सह्या घेतल्या. त्यातली एक अजून धुणीभांडी करते वाळूजला. तिला विचारा गठ्ठ्यानं पैसा आल्यावर काम सोडणार का.

मुनीम, लातूर

आमचा प्लॉट रिंगरोडला लागून होता, वडिलांनी घेतला तेव्हा तिकडं कोल्हे फिरायचे. आता विकला. आकडा लिहीत नाही, इथं पण पाहुणे असतील.

मी मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) आडतीवर मुनीम आहे अन अजून आहे. घरच्यांनी म्हणलं बस करा आता. पण दिवाळीच्या आधी सोयाबीन सुरू झालं की सकाळी गाड्यांची रांग लागते, सौद्याच्या वेळी मूठभर दाणे उचलून दाताखाली दाबलं की ओल किती ते मशीनच्या आधी कळतं, शेतकरी तोंडाकडं बघत असतो, मशीनवर आकडा आला की तो आधी मला विचारतो बराबर आहे का. मालकाला नाही विचारत. हे घरी बसून कुठून मिळायचं? नातवाच्या तोंडाकडं बघून किती वेळ जाणार, तो पण ट्यूशनला पळतो, लातूर आहे.

फरक एवढाच पडला की मालक आधी "ए मुनीम" म्हणायचा, प्लॉटचं कळल्यापासून "अहो" म्हणतो. पगार तेवढाच आहे. अन पूर्वी पट्टीत (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबात) काही इकडंतिकडं करायला सांगितलं की मान खाली घालून ऐकायचो, आता सरळ सांगतो हे होणार नाही. खरं सांगतो, पैशाचा एवढा एकच उपयोग झाला अन तो लई मोठा आहे.

पुण्याहून परत (नांदेड)

कंपनीचे शेअर मिळाले होते, कंपनी विकली गेली, आले पैसे. घर, कर्ज सगळं फिटून उरले. राजीनामा दिला, नांदेडला आलो, वय 34. काम करत नाही. वाचतो, पोहतो, गोदावरीच्या कडंनं फिरतो, मस्त चाललंय.

प्रॉब्लेम एकच, लग्न. आई सगळ्यांना सांगते वर्क फ्रॉम होम आहे. मुलीकडचे आले की मी लॅपटॉप उघडून बसायचं असं ठरलंय. एका ठिकाणी खरं सांगून टाकलं की काम करत नाही, पैसे आहेत, तर मुलीचे वडील म्हणाले पैसे आहेत ते ठीक पण मुलगा करतो काय? परत तेच. दहा हजाराची का असेना नौकरी पाहिजे होती त्यांना. आता मित्राच्या अभ्यासिकेत भागीदारी घेतोय म्हणजे बायोडाटात "व्यवसाय" लिहिता येईल.

कुणीतरी मास्तर

आला नाही. आला असता तर दुसऱ्या दिवशी राजीनामा. शिकवणं आवडतं म्हणून नाही देणार असं वाटलं होतं पण मग मतदार याद्या, सर्वे, ऑनलाईन माहिती, फोटो अपलोड हे सगळं आठवलं. फक्त शिकवायचं असेल तर बिनपगारी येतो, लिहून घ्या.

सीए, संभाजीनगर

थोडं हिशोबाचं लिहितो, कारण "एक कोटी" शब्द सगळे फार सैल वापरतात. लॉटरी किंवा केबीसीचे एक कोटी असतील तर त्यावर 30 टक्के कर, वर सरचार्ज, वर सेस. दुसरं उत्पन्न नसेल तर सगळा मिळून कर 34 लाख 32 हजार होतो. उरले 65 लाख 68 हजार. साडेसहा टक्क्यांनी एफडीत ठेवले तर महिन्याला साधारण पस्तीस हजार, त्यावर परत कर वेगळा, आणि दहा वर्षांनी त्या पस्तीस हजाराची किंमत काय राहील ते तुम्हीच बघा. मावेज्याचं वेगळं आहे, 2013 च्या भूसंपादन कायद्याखालच्या मावेज्याला कलम 96 प्रमाणे आयकर लागत नाही, पण तुमचं संपादन कुठल्या कायद्याखाली झालंय ते कागद बघूनच ठरेल.

माझ्याकडं शेंद्रा, बिडकीन, समृद्धी सगळीकडचे लोक येऊन गेले. पैसा संपलेले पण बघितले. काम सोडलं म्हणून कुणाचा संपलेला मी फारसा बघितला नाही. संपला तो न समजणाऱ्या धंद्यात घातल्यामुळं, पाहुण्याला हातउसना दिल्यामुळं, आणि एनए (बिनशेती) नसलेल्या प्लॉटिंगमध्ये नुसत्या बाँडपेपरवर सौदे केल्यामुळं. म्हणजे हे लोक रिकामे नव्हते, उलट जास्तच उद्योगी झाले होते. गप्प एफडी करून चौकात बसलेला माणूस, बदनापूरवाल्यांचे थोरले भाऊ धरा, हिशोबाच्या नजरेनं अगदी शहाणा आहे.

शेंद्र्याच्या ताईंना : 2005 च्या दुरुस्तीपासून वडिलोपार्जित जमिनीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. सही आपखुशीनं दिली असेल तर प्रश्न नाही. आपखुशी किती असते ते आपल्याला माहीत आहे.

धारूरचा

आमच्या बीडकडं गठ्ठ्यानं पैसा दरसाल येतो, उचल म्हणतेत त्याला. फक्त आमच्याकडं पैसा आला की काम सुटत नाही, काम बांधलं जातं. ऊसतोडीचा मुकादम कोयत्यामागं उचल देतो, कोयता म्हंजी नवरा-बायको जोडी, ते पैसे पावसाळ्यातच लग्नाला, दवाखान्याला, आधीच्या फिटवाफिटवीला जातेत अन दसरा-दिवाळीच्या आसपास गाडी भरून कारखान्यावर, कोल्हापूर सांगली नाहीतर कर्नाटकात. चारपाच महिन्यांत टनावर फिटली तर फिटली, नाय फिटली तर बाकी पुढच्या साली.

मी भरतीत लागलो, आता पगार आहे. घरी पहिली गोष्ट केली ती मुकादमाची बाकी देऊन टाकली अन आईबापाला म्हणलं आता जायचं नाही. बाप एक साल थांबला. दुसऱ्या साली दिवाळी झाली, गल्ली मोकळी झाली, गावात म्हातारी अन लेकरं उरली, तर बाप दोन दिवस जेवला नाही नीट. मग गेला. कोयता घेऊन नाही, टोळीसोबत स्वयंपाकाला अन बैलं सांभाळायला. माय गेली नाही. ती म्हणली, ज्याला जायचं त्यानं जावं, माझी कंबर गेली मोळ्या वाहून, मी आता माझ्या घरात झोपणार. कुणाचं बरोबर ते मला ठरवता येत नाही पण मला मायचं पटतं.

बदनापूरवाला

ताई, राग नाही. दोन बहिणी आहेत. एकीनं वाटा मागितला, दिला, त्यावरून थोरला वर्षभर बोलला नाही आमच्याशी. दुसरीनं मागितला नाही. तिचं अजून राहिलंय.

परभणीकर (धागाकर्ता)

बदनापूरवाले, जरा सविस्तर लिहा की, बहिणीला पैसे तुम्ही मिळाल्यावर दिले का आधीच खरेदीखतात तिचं नाव घातलं? अन दिलेल्या पैशाचा कागद केला का? आमच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून दोन आत्यांची नावं आहेत, चुलतभाऊ म्हणतो मोजणी होण्याआधी त्यांच्याकडनं हक्कसोड करून घेऊ. तो खुरपं सोडणाराच. मी त्याला हा धागा दाखवलाय, वाचून म्हणला मोसंबीचं ते ताणाचं नीट कळलं नाही, किती दिवस पाणी तोडायचं ते विचार.