मदत हवी: रात्री आठ वाजले की पिंग उडतो. फायबर ओढू की फाइव्ह-जी घेऊ?

मंडळी, मुक्काम गुहागर तालुक्यातली एक वाडी. चिऱ्याचं घर, मागे डोंगर, पुढे माड. केबलवाल्याचं रेडिओ कनेक्शन आहे, म्हणजे आमच्या छपरावर डिश आणि समोरच्या टेकडीवर त्याचा टॉवर. स्पीड टेस्टला ४० एमबीपीएस येतात, यूट्यूब कुठे अडत नाही. पण व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा खेळ लावला की दिवसाचा ३५ पिंग (म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारे मिलिसेकंद) रात्री मध्येच २२० होतो, परत ३५. सर्व्हर मुंबईचाच निवडलाय. कायम ९० असता तर हाताला सवय तरी झाली असती. मित्र म्हणतात १०० चा प्लॅन घे. मला पटत नाही, खेळाला एक एमबीपीएससुद्धा पुरतं.

वायफाय बंद करून लॅन केबलवर खेळून पाहिलं. राउटरपर्यंत पिंग १ मिलिसेकंद, एक पॅकेट (डेटाचा तुकडा) गळत नाही. पुढे टॉवरपलीकडे शंभरातली सहा-सात गळतात, पावसात जास्तच. म्हणजे दुखणं घरात नाही.

फायबर हमरस्त्यापर्यंत आलंय. तिथून घर ४०० मीटर, पोलांचा खर्च माझ्या माथी. आई म्हणते तेवढ्यात विहिरीवर नवा पंप बसेल. फाइव्ह-जी स्वस्तात पडेल, पण तेही हवेतूनच. कोकणात कोणी वापरलंय का?

प्रतिसाद १
उपग्रहाचं घ्या की, पोलही नकोत!

प्रतिसाद २
जुन्या पद्धतीचं नको. तो उपग्रह ३५,७८६ किमीवर असतो, नुसत्या जाण्यायेण्यात अर्धा सेकंद. तुम्ही मेल्याचं तुम्हाला सगळ्यात शेवटी कळेल.

रात्री टॉवरवर सगळी वाडी चढते आणि रेडिओत पाळीपाळीनेच बोलावं लागतं, म्हणून पिंग उडतो. पावसाचं म्हणाल तर डिशसमोर झावळ्या आल्यात का बघा, ओली पानं सिग्नल खातात. फाइव्ह-जीचा डबा घेण्याआधी फाइव्ह-जी सिमचा फोन छपरावर नेऊन रात्री नऊला पिंग मोजा. दुपारी मोजून फसू नका, मी फसलोय. परवडत असेल तर फायबरच. फक्त झाड पडून केबल तुटली की दोन दिवस बोंब, आणि लाईट गेली तरी चालावं म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या.

धागाकर्ता
झावळ्या आहेत! दोन तर थेट डिशच्या तोंडावर. पण माड शेजारच्या काकांचा. नारळ पाडणारा पाडेली येईल तेव्हा हळूच विषय काढतो. फोन आज रात्रीच छपरावर नेतो, आकडे इथेच टाकेन.