मदत हवी आहे: मामांचा बीपी गोळ्यांनी उतरत नाही, आणि रात्रीच्या चौकश्या थांबत नाहीत

नमस्कार मंडळी. खान्देशातल्या एका जिल्ह्याच्या गावी मेडिकलवर कामाला आहे. शहर, ठाणं मुद्दाम लिहीत नाही. जातही नाही, नाहीतर धागा त्यावरच जातो. विमुक्तांपैकी, म्हणजे इंग्रजांनी जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींपैकी आहोत, एवढं पुरे.

मामा ६२ वर्षांचे, हातगाडीवर भरताची वांगी आणि मिरच्या विकतात. टेल्मिसार्टन आणि अ‍ॅम्लोडिपिन दोन्ही चालू आहेत. गोळी मीच हातावर ठेवतो, त्यामुळे चुकत नाही. तरी वरचा आकडा १७० च्या खाली क्वचितच येतो. डॉक्टर म्हणतात मीठ कमी करा, पहाटे फिरा, टेन्शन घेऊ नका.

आता पहाटे फिरायचं कसं? आमच्या वस्तीतला माणूस अंधारात रस्त्यावर दिसला की गाडी थांबते. कुठं चालला, पिशवीत काय, काल रात्री कुठं होता. साठी उलटलेला माणूस बीपीसाठी चालत असेल हे कुणाच्या मनातच येत नाही. फिरणं बंद झालं. भाजीच्या लिलावालाही आता उजाडल्यावर निघतात, तोवर चांगला माल गेलेला असतो. शहरात घरफोडी झाली की रात्री दार वाजतं. तरुणपणी एकदा संशयावरून नेलं होतं, काही निघालं नाही म्हणून सोडलं. नाव मात्र यादीत राहिलं, असं एक हवालदारच बोलून गेला.

मामा म्हणतात, "भाऊ, रातले गाडीना आवाज उना का छातीमां धडधडस, मंग डोया लागत नही." सिव्हिलला तपासण्या फुकट होतात, पण तिथं दारातच पोलीस चौकी, म्हणून तिकडे पाऊल टाकत नाहीत.

हे सगळं डॉक्टरांना सांगावं का? की पोलिसांची भानगड नको म्हणून ते पेशंटच टाळतील? आणि रात्रीचं थांबवायला अर्ज कुणाकडे करायचा? भांडण करायचं नाहीये, माणसाला झोप मिळाली पाहिजे.

तापीकाठ: कर नाही त्याला डर कशाला? पोलिसांना त्यांचं काम करू द्या की.

धागाकर्ता: चोर पकडायलाच हवेत. आमच्या वस्तीतूनही मोटारसायकली जातात, फक्त तक्रार द्यायला ठाण्यात जायची कुणाची छाती होत नाही. जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवणारा १८७१ पासूनचा कायदा १९५२ साली रद्द झाला. मामा त्यानंतर जन्मले, भाऊ.

धुळ्याचा_डॉक्टर: सांगाच, आणि मोघम नको. रात्री किती वाजता उठवलं, नंतर झोप लागली का, हे लिहून न्या. धोक्याची चाहूल लागली की अ‍ॅड्रिनलिन वाढतं, नाडी आणि दाब चढतो. धोका टळला की उतरायला हवा. पण माणूस पुढच्या गाडीची वाट बघत पडून राहिला तर झोपेत दाब १० ते २० टक्के उतरतो, तो उतारच मिळत नाही.

हे फक्त तुमच्या वस्तीचं नाही. न्यूयॉर्कमध्ये २०११ या एका वर्षात पोलिसांनी ६ लाख ८५ हजारांहून जास्त वेळा लोकांना रस्त्यात अडवलं. बहुतेक काळे आणि लॅटिनो, आणि दहापैकी जवळजवळ नऊ वेळा ना अटक ना समन्स. तिथल्या तरुणांची पाहणी २०१४ मध्ये छापून आली. जितकं जास्त वेळा अडवलं, झडती जितकी दांडगाईची, तितकी चिंता आणि मानसिक आघाताची लक्षणं जास्त.

पण सगळं पोलिसांवर ढकलून तपासण्या सोडू नका. मामा घोरतात का? गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक, म्हणजे दुखण्यावरची गोळी घेतात का? हातगाडीवाले सर्रास घेतात, आणि त्यानेही बीपी वाढतो. मूत्रपिंडाची तपासणी हवी. चोवीस तासांचा बीपी मोजणारं यंत्र कुठं मिळतं ते विचारा. फिरणं संध्याकाळी, बाजारात गर्दी असताना करा, फायदा तोच. मन मोकळं करायला टेली-मानस ही सरकारी फोनसेवा आहे, १४४१६, मराठीत बोलतात.

अमळनेर_वकील: रात्री घरी जाऊन माणसाला उठवणं सर्वोच्च न्यायालयाने १९६२ सालीच, खरकसिंग खटल्यात, घटनाबाह्य ठरवलंय. १९७५ च्या गोविंद खटल्यात कायद्याचा आधार असेल तर थोडी मोकळीक दिली, पण समाजाला खराच धोका असलेल्यांपुरती. मे २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने म्हटलं की मागास समाजातला म्हणून कुणाचं नाव हिस्ट्रीशीटमध्ये, म्हणजे पोलिसांच्या पाळतीच्या नोंदीत, यांत्रिकपणे चढवू नये, आणि वरिष्ठांनी वेळोवेळी त्या नोंदी तपासाव्यात.

अर्ज पोलीस अधीक्षकांच्या नावे करा. नाव वगळावं आणि रात्री घरी येणं थांबवावं, एवढंच मागा. डॉक्टरांचं पत्र जोडा, आवक शिक्का घेतलेली प्रत जपून ठेवा. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा, किंवा १५१०० लावा. अनुसूचित जमातीचा दाखला असेल तर उत्पन्न बघत नाहीत, नसेल तर उत्पन्नाचा दाखला लागेल. आणि एकटे जाऊ नका, वस्तीत असे आणखी असतील, त्यांचेही अर्ज सोबत द्या.

धागाकर्ता: आभारी आहे. डायक्लोफिनॅक घेतात, आमच्याच दुकानातून! आजपासून बंद. शेजारचे दोघे अर्ज द्यायला तयार आहेत, विधी सेवावाल्यांना सोमवारी भेटतो. डॉक्टरसाहेब, घरी मोजायला मनगटाचं मशीन चालेल का? आमच्याकडे तेच स्वस्त आहे.

धुळ्याचा_डॉक्टर: दंडाचंच घ्या. पाच मिनिटं बसवून मोजा, आणि गुडघ्यांसाठी पर्याय डॉक्टरांना विचारूनच.