पाढे आधी की चिंचोके आधी?

तिसरीच्या बाई: गुणाकार सुरू करताना मी फळ्यावर गुणिले चिन्ह लगेच काढत नाही. आधी चिंचोके, वाट्या आणि एक गोष्ट: 4 डबे, प्रत्येक डब्यात 6 कडक भाकऱ्या. पोरं मांडतात, मोजतात. मग विचारते, न मोजता सांगता येईल का? बाराचा पाढा घडाघडा म्हणणारा पोरगा याच गोष्टीला 4 आणि 6 मिळवून 10 सांगतो. म्हणून माझं मत, पाठांतर दुसऱ्या सत्रापर्यंत थांबवा.

निवृत्त मास्तर: काय सांगायलाव बाई! पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) पाठ असलेली माणसं आपल्या सोलापूरच्या मंगळवार बाजारात तोंडी हिशोब करत होती. चौथीत 347 गुणिले 8 आलं की पोरानं सात आठे छप्पन्न बोटांवर शोधायचं का? हातचा धरेपर्यंत मूळ गणितच विसरतो. पाढा जिभेवर असला की डोकं विचाराला मोकळं राहतं. आणि चाळीस पोरांच्या वर्गात निम्मे चिंचोके बाकाखाली जातात, ते वेगळंच.

तिसरीच्या बाई: पाढे नकोत असं कुठं म्हटलं? चिंचोक्यांच्या 4 ओळी, प्रत्येकीत 6. पाटी आडवी फिरवली की 6 ओळी, प्रत्येकीत 4. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की निम्मे पाढे पाठ करायची गरजच उरत नाही. चौदा सक अडला तर चौकटीच्या वहीत 10 आणि 4 असे भाग पाडायचे, 60 आणि 24, झाले 84. विसरलेला पाढा पुन्हा उभा करता येतो. नुसतं पाठ केलेलं विसरलं की पोरगं गप्प बसतं.

पूर्व भागातली आई: शाब्दिक उदाहरणांबद्दल मला वेगळंच खटकतं. आमच्या घरी तेलुगू. लेकीला गुणाकार येतो, पण "प्रत्येकी" वाचून अडते. तिचा तो गणिताचा पेपर राहत नाही, मराठीचा होतो. क्लासवाल्यांनी त्यावर तोडगा काढला: प्रत्येकी दिसलं की गुणा. मग "24 शेंगा 6 मुलांना सारख्या वाटल्या, प्रत्येकी किती?" यालाही तिनं गुणाकारच केला. 144 शेंगा!

निवृत्त मास्तर: हेच म्हणतोय मी. गोष्टींच्या नादात पोरं शब्द हुडकायला लागतात.

तिसरीच्या बाई: शब्द हुडकायला क्लासनं शिकवलं हो, चिंचोक्यांनी नाही. 24 शेंगा हातात दिल्या असत्या तर तिनं वाटूनच दाखवल्या असत्या, तेलुगूत का होईना.

अशोक चौकातून एक जण: उदाहरणं तरी आपल्या गावची घ्या. टॉवेलचे डझन, विडीची बंडलं. 25 ची 40 बंडलं म्हणजे हजार, हे आमच्या गल्लीत दुसरीतलं पोरगंही सांगतं.

पूर्व भागातली आई: टॉवेल चालतील. विड्या नकोत. घरी आईच्या मांडीजवळ बसून तेच मोजतात, शाळेत तरी दुसरं काही मोजू द्या.

अशोक चौकातून एक जण: ताई, पोटाचा धंदा आहे. लपवायचा कशाला?

पूर्व भागातली आई: लपवत नाही. मीही वळते विड्या. लेकीच्या वहीत नकोत एवढंच.

निवृत्त मास्तर: हे मात्र पटलं. बाई, रोज शेवटची दहा मिनिटं पाढ्यांना द्या, बाकी तास चिंचोक्यांचा. पण पहिल्या सत्रापासून.

तिसरीच्या बाई: दोन, पाच आणि दहाचे देते. सात-आठचे दिवाळीनंतरच.