मदत हवी आहे: पायथन स्क्रिप्टचं आउटपुट लॉग विंडोत ओळीओळीने कसं दाखवावं?

नमस्कार मंडळी,

एका पतसंस्थेसाठी पायथनची स्क्रिप्ट लिहिली आहे. ती सभासदांची एक्सेल फाइल वाचते आणि प्रत्येकाच्या खातेउताऱ्याची पीडीएफ बनवते. काउंटरवरचे कर्मचारी कमांड प्रॉम्प्टची काळी खिडकी पाहून बिचकतात, म्हणून टीकिंटरमध्ये (पायथनचं विंडो बनवण्याचं साधन) छोटी विंडो केली: 'सुरू करा' हे बटण आणि खाली लॉगसाठी, म्हणजे कामाच्या नोंदींसाठी, स्क्रोल्डटेक्स्ट ही सरकणारी मजकूरपेटी. बटण दाबलं की सबप्रोसेस मॉड्यूलमधल्या पोपेनने (दुसरा प्रोग्राम चालवणारी सोय) स्क्रिप्ट सुरू होते. स्टडएरर (इशारे आणि चुकांचा मार्ग) स्टडआउटमध्येच (नेहमीच्या आउटपुटचा मार्ग) वळवलं आहे. फॉर लूपमध्ये एकेक ओळ वाचून लॉगमध्ये टाकतो.

पण काम चालू असताना लॉग कोराच. वर 'नॉट रिस्पॉन्डिंग' येतं आणि शेवटी सगळ्या ओळी एकदम कोसळतात. हँग झालं समजून एकाने टास्क मॅनेजरमधून विंडो बंद केली. आता कुणाचे उतारे झाले आणि कुणाचे राहिले हे फोल्डर चाळून बघावं लागतंय. सभासदांच्या पैशांचे कागद आहेत, त्यामुळे नुसता प्रोग्रेस बार पुरणार नाही. कुणाचा उतारा झाला ते त्या क्षणी दिसायला हवं.

ओळींचा क्रमही उलटसुलट आहे. लॉगिंग मॉड्यूलचे इशारे सगळे वर, आणि प्रिंटच्या ओळी खाली. 'पत्ता रिकामा आहे' हे कुणाबद्दल ते कळतच नाही.

शिवाय सध्या फक्त सभासद क्रमांक छापतोय. देवनागरीत नाव छापलं की युनिकोडएन्कोडएरर, त्यात 'चारमॅप' असा उल्लेख. कमांड प्रॉम्प्टमधून चालवली तर हीच स्क्रिप्ट विनातक्रार चालते!

लूपमध्ये अपडेट (विंडो ताजी करणारी आज्ञा) टाकून पाहिलं, विंडो फक्त धक्के खात हलते. विंडोज १०, पायथन ३.११. कृपया मार्ग सुचवा.

प्रतिसाद १:

ओळी एकदम येणं आणि क्रम उलटसुलट होणं, या दोन्हींच्या मुळाशी बफरिंग, म्हणजे आउटपुट साठवून एकदम सोडणं, आहे. स्टडआउट टर्मिनलला जोडलेलं असतं तेव्हा पायथन ओळ संपली की ती सोडतो. पाइपला (दुसऱ्या प्रोग्रामकडे आउटपुट नेणारा मार्ग, तुमच्याकडे पोपेनचा) जोडलं की साधारण ८ केबी साठेपर्यंत धरून ठेवतो. स्टडएरर मात्र ३.९ पासून पाइपमध्येही ओळीओळीने जातं, आणि लॉगिंगचे इशारे मुळात तिथेच जातात. म्हणून ते पुढे पळतात. पोपेनच्या यादीत पायथनच्या नावानंतर आणि स्क्रिप्टच्या नावाआधी 'उणे यू' (-u, हे साठवणं बंद करणारा पर्याय) द्या. स्क्रिप्टच्या नावानंतर दिलंत तर ते स्क्रिप्टचं अर्ग्युमेंट ठरेल आणि काहीच बदलणार नाही.

विंडो गोठण्याचं कारण वेगळं आहे. पुढच्या ओळीची वाट बघत तुमचा लूप मेनलूपला (विंडो चालती ठेवणारा टीकिंटरचा लूप) अडवून धरतो. वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये (समांतर चालणाऱ्या कामात) न्या. थ्रेडने ओळ फक्त क्यूमध्ये (रांगेत) टाकावी, विजेटला, म्हणजे लॉगच्या पेटीला, हात लावू नये. मुख्य बाजूला आफ्टर (ठरावीक वेळाने काम करवणारी आज्ञा) वापरून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू रिकामी करा आणि जमलेल्या ओळी एकत्र घाला.

प्रतिसाद २:

देवनागरीचं सांगतो. विंडोजच्या कन्सोलवर लिहिताना पायथन ३.६ पासून यूटीएफ-८ (सगळ्या लिपी सामावणारं एन्कोडिंग) वापरतो, पाइपमध्ये मात्र सिस्टिमचं कोडपेज (मर्यादित अक्षरसंच), बहुधा १२५२. त्यात देवनागरी अक्षरंच नाहीत. पोपेनला एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रामला मिळणाऱ्या सेटिंग्जची यादी) देताना त्यात 'पायथनयूटीएफ८' ची किंमत १ ठेवा आणि वाचणाऱ्या बाजूलाही एन्कोडिंग यूटीएफ-८ द्या. एकच बाजू बदललीत तर नावांऐवजी कचरा दिसेल किंवा पुन्हा एरर येईल. एन्व्हायर्नमेंट देताना ओएस डॉट एन्व्हायरनची प्रत काढून त्यात भर घाला. नुसती नवी डिक्शनरी दिलीत तर पाथसकट सगळं गायब होतं.

आणखी एक विनंती: वापरकर्ता वर जाऊन जुनी ओळ वाचत असेल तर लॉग आपोआप खाली ओढू नका. वायव्ह्यूची (लॉगचा कोणता भाग दिसतोय ते सांगणारी सोय) दुसरी किंमत १ असेल, म्हणजे तो तळाशी असेल, तरच सी एंड (शेवटची ओळ दाखवणारी आज्ञा) करा. ही तपासणी नवी ओळ घालण्याआधी हवी.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. नावं एकेक करून येताहेत आणि इशारा ज्याचा त्याच्या नावाखाली. एकच राहिलं: स्क्रिप्ट मध्येच कोसळली तर पूर्ण ट्रेसबॅक (चूक कुठे झाली ते सांगणारा पायथनचा मजकूर) लॉगमध्ये दाखवावा का?

प्रतिसाद १:

विंडोत नको. तिथे सभासदाचं नाव आणि 'उतारा झाला नाही' एवढं लाल रंगात, टॅग (मजकुराला रंग देणारी टीकिंटरची सोय) लावून. ट्रेसबॅक तारखेच्या नावाच्या फाइलमध्ये ठेवा आणि ती उघडणारं बटण द्या, म्हणजे कर्मचाऱ्यांना तुम्हाला तीच फाइल पाठवता येईल.