इंग्रजी जर-तर वाक्यांत ‘विल’ आणि ‘वुड’ नेमके कोठे येतात?

प्रश्न (सांगली): मी दहावीच्या मुलांची इंग्रजीची शिकवणी घेते. ‘कोयनेतून पाणी सोडले तर कृष्णेची पातळी वाढेल’ या वाक्याचे इंग्रजी करताना काही मुले ‘इफ दे रिलीज्ड’ लिहितात, तर काही ‘इफ दे विल रिलीज’. यामागचे कारण त्यांना कसे उलगडून सांगावे?

उत्तर (मिरज): ताई, पहिल्या चुकीचे मूळ मराठीतच आहे. आपण पुढच्या घटनेबद्दलही ‘सोडले तर’ असे भूतकाळी रूप वापरतो. इंग्रजीत मात्र घटना खरोखर घडण्याजोगी असेल, तर ‘इफ’च्या उपवाक्यात साधा वर्तमानकाळ आणि मुख्य वाक्यात ‘विल’ येते: ‘इफ दे रिलीज वॉटर, द रिव्हर विल राइज’. ‘रिलीज्ड’ लिहिले की मुख्य वाक्यात ‘वुड’ लागते आणि शक्यता दूरची ठरते. पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची पातळी रोज विचारणाऱ्या आपल्या मुलांना हा फरक नक्की पटेल.

उत्तर (कराड): याहून चिवट चूक भूतकाळात होते. ‘पाणी सोडले असते तर पूर आला असता’ यात ‘असणे’चे रूप दोन्हीकडे असल्याने मुले ‘वुड हॅव’ही दोन्हीकडे लिहितात, प्रमाण लेखनात ‘इफ’नंतर ‘हॅड रिलीज्ड’ हवे.

प्रश्नकर्ती: मग ‘इफ’नंतर ‘विल’ कधीच येत नाही, असे शिकवावे का?

उत्तर (मिरज): सरसकट तसे सांगू नका. ‘इफ यू विल वेट अ मोमेंट’ ही नम्र विनंती शुद्धच आहे, कारण तेथे ‘विल’ भविष्यकाळ नव्हे, तर समोरच्याची तयारी दाखवते.