'सतत सुधारणा' की 'उत्तरोत्तर सुधारणा'?

प्रश्न : बांधकाम कंपनीची गुणवत्ता-पुस्तिका मराठीत लिहितो आहे. 'कंटिन्युअल इम्प्रूव्हमेंट'साठी बहुतेक ठिकाणी 'सतत सुधारणा' दिसतं. पण साइटवर 'सुधारणा करा' म्हटलं की सुपरवायझर ग्राउटची (पोकळ्या बुजवायच्या सिमेंट-मिश्रणाची) गोणी शोधायला निघतो. नेमका शब्द कोणता घ्यावा?

प्रतिसाद : 'सतत'ला माझा आक्षेप आहे. सतत म्हणजे खंड न पडता. पंप सतत चालतो. आयएसओ ९००१ या गुणवत्ता-व्यवस्थापनाच्या मानकात 'कंटिन्युअस' नाही, 'कंटिन्युअल' आहे, म्हणजे पुन्हा पुन्हा, टप्प्याटप्प्याने होणारी. बांधकामात घडतं तेही असंच. एक मजला झाला, कुठे अडलं ते पाहिलं, पुढच्या मजल्याला पद्धत बदलली. 'उत्तरोत्तर प्रगती होवो' असं आपण सहज म्हणतो. तोच 'उत्तरोत्तर' इथे घ्यावा असं मला वाटतं.

खरी गल्लत मात्र 'सुधारणा' आणि 'दुरुस्ती' यांत आहे, आणि पुस्तिकेत ती पहिल्याच पानावर सोडवा. कॉलमचं शटरिंग (साचा) काढलं आणि तळाशी हनीकोम्ब निघालं, म्हणजे काँक्रीट पोकळ राहून खडी उघडी पडलेली. सैल काँक्रीट फोडून नॉन-श्रिंक (न आकसणारं) ग्राउट भरलं, ही दुरुस्ती. तो कॉलम नीट झाला, पण पुढचा पुन्हा तसाच निघू शकतो. स्टार्टर (कॉलमच्या तळाशी आधी ओतलेला छोटा काँक्रीटचा भाग) आणि शटर यांच्या फटीतून स्लरी (सिमेंटचं पातळ मिश्रण) गळत होती हे शोधलं, तिथे फोमची पट्टी लावायची असं ठरलं आणि 'फट बंद आहे का' हा मुद्दा काँक्रीट ओतण्याआधीच्या तपासणी-यादीत आला, ही सुधारणा. दुरुस्ती वस्तूची होते, सुधारणा पद्धतीची. दोन्हींना एकच शब्द वापरला की मिस्त्रीला ते दोष काढल्यासारखं वाटतं आणि तो पुढच्या वेळी हनीकोम्ब प्लास्टरखाली झाकतो. मग कारण कुणालाच कळत नाही.

प्रश्न : पटलं. मग अशा सुधारणेसाठीचा जपानी शब्द 'कायझेन' तसाच ठेवू का?

प्रतिसाद : ठेवा. मासाकी इमाई यांच्या १९८६ च्या पुस्तकानंतर हा शब्द जपानबाहेर रुळला. 'काई' म्हणजे बदल, 'झेन' म्हणजे चांगला. फक्त पोस्टरपुरता ठेवू नका. आधी ठरलेली पद्धत असेल तरच तिच्यात बदल करता येतो. प्रत्येक टोळी आपापल्या रीतीने सळई बांधत असेल, तर कायझेन करायचं कशात?

आणखी एक प्रतिसाद : 'पर्सेंट प्लॅन कम्प्लीट'लाही मराठी हवं. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांच्या लास्ट प्लॅनर या बांधकाम-नियोजनाच्या पद्धतीतलं हे मोजमाप आहे. आठवड्याची कामं वरून लादायची नाहीत. जो मुकादम टोळी चालवतो तोच सांगतो की एवढं होईल. २० कामं कबूल केली आणि १३ पूर्ण झाली, तर ६५ टक्के. अर्धवट काम शून्य धरायचं, कारण स्लॅबचं स्टील ९० टक्के बांधून झालं तरी काँक्रीट ओतता येत नाही. मी याला 'शब्द पाळल्याचा टक्का' म्हणतो. 'उद्दिष्टपूर्ती' म्हटलं की लक्ष्य साहेबाचं होतं. 'शब्द दिला' म्हटलं की कबुली मुकादमाची होते, आणि 'साहित्य आलं नाही तर होणार नाही' हेही तो आधीच सांगू शकतो.

राहिलेल्या ७ कामांपुढे कारण लिहायला विसरू नका. ड्रॉइंग उशिरा आलं, आधीच्या टोळीने जागा मोकळी केली नाही, क्रेन मिळाली नाही. माझ्या मते टक्क्यापेक्षा हा रकाना मोलाचा आहे. सुधारणा कुठे करायची ते तोच सांगतो.

प्रश्न : म्हणजे तक्त्यात 'सुधारणात्मक कार्यवाही' हा रकाना नको?

प्रतिसाद : नको, त्यात दोन्ही गोष्टी मिसळतात. दोन रकाने करा : 'काय दुरुस्त केलं' आणि 'पद्धतीत काय बदललं'. दुसरा रिकामा असेल, तर तो दोष अजून बंद झाला असं धरू नका.