कोबॉल ६.३ मधून एमोड २४ रुटीन कॉल केलं की आयजीझेड००३३एस

पवईचा_बॅचवाला:
आयबीएम मेनफ्रेमवरचा जुना प्रोग्राम एंटरप्राइझ कोबॉल ६.३ कंपायलरवर नेतोय. कंपाइल ऑप्शन रेंट (रीएंट्रंट कोड), डेटा(३१) (डेटा १६ एमबीच्या वरही चालतो). आतून तारीख तपासणारं असेंब्लर रुटीन डायनॅमिक कॉल होतं (चालताना वेगळं लोड होऊन). एएमबीलिस्ट (लोड मॉड्यूल तपासायचं टूल) त्याचा एमोड २४ (२४ बिटी पत्त्यांनी चालतं), आरमोड २४ (१६ एमबीखालीच लोड होतं) दाखवतं. जॉब कॉलवरच आयजीझेड००३३एस हा मेसेज देऊन पडतो. रुटीनला हात न लावता सुटेल का? एलपी(६४), म्हणजे ६४ बिटी कंपाइल, लावू का?

कुर्ला_शटल:
पॅरामीटरचा पत्ता १६ एमबी लाइनच्या (२४ बिटी पत्त्याची हद्द) वर आहे, २४ बिटवाल्याला तो दिसतच नाही. डेटा(२४) ने कंपाइल करा, वर्किंग-स्टोरेज (प्रोग्रामचा स्वतःचा डेटा) लाइनखाली येईल. रनटाइमला ऑल३१(ऑफ) (सगळे प्रोग्राम ३१ बिटी नाहीत) आणि स्टॅक बिलो (स्टॅक लाइनखाली), दोन्ही जोडीनेच. लोकल-स्टोरेज स्टॅकवर असतं, त्याला डेटा(२४) लागू नाही. एलपी(६४) विसरा. पॉइंटर ८ बाइटचा होऊन लेआउट हलतील, दुखणं तसंच राहील.

पवईचा_बॅचवाला:
सगळं केलं. तोच मेसेज.

असेंब्लर_काका:
पाठवताय ते फील्ड लिंकेज सेक्शनमधलं आहे का? मग जागा तुम्हाला कॉल करणाऱ्या वरच्या प्रोग्रामची, आणि तो डेटा(३१) वर असणार. मूव्ह करून आपल्या वर्किंग-स्टोरेजमध्ये घ्या, तेच पाठवा, परतल्यावर उलटा मूव्ह.

हे ठिगळच. लाइनखालची जागा म्हणजे संध्याकाळची विरार लोकल; सगळेच तिथे घुसले की एस८७८ (मेमरी संपल्याचा अबेंड) ठरलेलं, आणि जॉबला रीजन=०एम (मिळेल तेवढी मेमरी) लिहून १६ एमबीचे १७ होत नाहीत.

सोर्स असेल तर एमोड ३१ करा. आरमोड २४ राहू दे, आत डीसीबी (फाइलचा कंट्रोल ब्लॉक) असेल तर तो खालीच लागतो. पण बाइंडरला (लिंक करणाऱ्या टूलला) नुसतं एमोड ३१ सांगून भागत नाही, कोड वाचा. ‘एलए १,०(१)’ (पत्ता लोड करणारी इन्स्ट्रक्शन) दिसलं की थांबा: २४ मध्ये ते वरचा अख्खा बाइट पुसतं, ३१ मध्ये फक्त एक बिट. त्या बाइटात एक्स‘४०’ फ्लॅग असेल तर पत्ता १ जीबीपलीकडे, आणि सॉक-फोर (एस०सी४, चुकीच्या पत्त्याचा अबेंड). बीएएलआर (सबरुटीनला नेणारी इन्स्ट्रक्शन) झाल्यावर वरच्या बाइटातून कंडिशन कोड (आधीच्या तुलनेचा निकाल) उचलत असेल तर तिथे आयपीएम (तो कोड काढून देणारी इन्स्ट्रक्शन) घाला.

पवईचा_बॅचवाला:
काका, लिंकेजचंच होतं. मूव्हने चाललं. सोर्समध्ये तसे दोन एलए सापडले.

कुर्ला_शटल:
ते दुरुस्त होईपर्यंत रुटीन प्रोग्राममध्येच जोडून स्टॅटिक लिंक करू नका. रुटीन कॉलरच्या ३१ मध्येच चालेल, हा मेसेजही मिळणार नाही. थेट सॉक-फोर, नाहीतर गुपचूप चुकीची तारीख.